गावाचा उद्भव आधी, मग बाकी सगळं: मराठवाड्यातल्या ग्रामपंचायतींना खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य
आणि गाव पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सभासद,
मराठवाडा

सप्रेम नमस्कार.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्या, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. आपल्या नळयोजनेचा जो उद्भव आहे, मग ती विहीर असो की बोअर, त्याच्या आसपासचं भूजल आधी माणसांना आणि जनावरांना प्यायला राखून ठेवायचं. ते बाजूला काढल्यावर जे उरेल, त्यातून शेतीचं ठरवायचं. असा ठराव करा, तो वहीत लिहा आणि पाळा.

असली पत्रं बहुतेक मुंबईला नाहीतर दिल्लीला जातात. हे मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. रात्री अकरा वाजता बोअरची गाडी गावात शिरते, तेव्हा तिला कोणी मंत्री किंवा सचिव पाहत नाही, तुम्ही पाहता. कुणाच्या रानात किती फुटांवर पाणी लागलं आणि त्यानंतर कुणाची विहीर बसली, हे तालुक्याच्या कचेरीत कुणाला ठाऊक नसतं. तुम्हाला ते पारावर बसल्या बसल्या कळतं. जमिनीखालच्या पाण्यावर खरी देखरेख जर कुणाची असू शकत असेल, तर ती गावाचीच.

१५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा देशात ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. आज हा आकडा १५ कोटींच्या पुढे आहे. काम मोठंच झालं. पण पाइप गावभर फिरला आणि तोटी भिंतीला लागली, म्हणून पाणी तयार होत नाही. माणशी रोज ५५ लिटर द्यायचं असं योजनेत लिहिलेलं आहे, आणि ते ५५ लिटर कुठून तरी उपसावे लागतात. मार्च उलटला की आपल्याकडच्या कितीतरी गावांत टाकी कोरडी, तोटी कोरडी आणि चौकात टँकरची वाट. टाकीत बिघाड नसतो, पाइपातही नसतो. उद्भव आटलेला असतो. आणि तो का आटला, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, फक्त सभेत बोललं जात नाही.

पृथ्वीवरच्या पाण्याचा हिशोब शाळेत आपण सगळेच शिकलो. जवळजवळ साडेसत्त्याण्णव टक्के खारं. उरलेल्या अडीच टक्के गोड्या पाण्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात गोठलेलं. नद्या आणि तळी मिळून गोड्या पाण्याचा एक टक्काही भरत नाही. बर्फ सोडला, तर वाहतं-साठतं असं जे गोडं पाणी जगात आहे, त्यातलं सुमारे ९९ टक्के जमिनीखाली आहे. आणि जमिनीखालून पाणी उपसण्यात भारत जगात पहिला. जगभरातल्या उपशातला साधारण चौथा हिस्सा एकट्या आपल्या देशाचा आहे, आणि त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त पाणी शेतीला जातं. खेड्यांतलं पिण्याचं पाणीही बहुतांश याच साठ्यातून येतं. म्हणजे आपल्या गावचा उद्भव का आटला हा प्रश्न जगाच्या गोड्या पाण्याच्या प्रश्नापासून वेगळा नाही. तो त्याचाच आपल्या शिवारातला भाग आहे.

बोअर आपल्याकडे कशासाठी आला, हे आज पन्नाशीच्या आतल्या फार थोड्यांना माहीत असेल. तो प्यायच्या पाण्यासाठी आला. १९७२ च्या दुष्काळात विहिरी, आड, बारव सगळं आटलं. कठीण काळ्या पाषाणाला झटपट भोक पाडणारी यंत्रं युनिसेफच्या मदतीने देशात आली होती, ती खेड्यापाड्यांत फिरू लागली. भोक पडलं तरी पाणी वर काढायचं कसं, ही अडचण होतीच, कारण तेव्हाचे बिडाचे हातपंप एका घराच्या वापरासाठी बनवलेले असत. अख्खं गाव त्यांच्यावर आलं की ते मोडून पडत. त्या अडचणीवर तोड आपल्याच मुलखात निघाली. जालन्यात आणि सोलापुरात ख्रिस्ती मिशनच्या कार्यकर्त्यांनी, गावातल्या कारागिरांना हाताशी धरून, पोलादी आणि दणकट पंप बनवले. ‘जालना पंप’, ‘सोलापूर पंप’ अशीच त्यांची नावं पडली. सोलापूरच्या पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. आज तो आशियात आणि आफ्रिकेत लाखोंच्या संख्येने उभा आहे. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात कुणी बाई हापशावर पाणी भरत असेल, तर त्या पंपाचं मूळ सोलापूर-जालन्यात असण्याची शक्यता बरीच आहे. याचा मला फार अभिमान वाटतो, आणि तो तुम्हालाही वाटावा.

त्याच हापशांनी नारू घालवायला मदत केली. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यातून नारू व्हायचा, आणि पायातून हातभर लांब जंत काडीला गुंडाळून काढावा लागायचा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती अजून सांगतील. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. हापशाचं बंद, स्वच्छ पाणी नसतं तर हे एवढ्या लवकर झालं नसतं.

मग त्याच भोकात पाणबुडी मोटर उतरली. वीज आली, बागा आल्या, ऊस आला. हापशासाठी दोनशे फूट पुरत होते, तिथे चारशे झाले, मग सातशे, आणि आता हजार फुटांच्या गोष्टी कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. साधा हापसा दीडशे फुटांच्या आसपास दमतो. पाणी त्याच्या खाली गेलं की दांडा नुसता वरखाली होतो. म्हणून खोल बोअरचा पहिला बळी नेहमी गावचा हापसाच असतो. दुसरा बळी नळयोजनेची विहीर. जे यंत्र तहान भागवायला आणलं होतं, त्यानेच तहान परत आणली, आणि ती सगळ्यांत आधी ज्यांच्याकडे मोटर नाही त्यांच्या दारात आली.

आपल्या खडकाचा स्वभाव समजून घेतला की हे असंच का होतं ते कळतं. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. या दगडाच्या अंगात पाणी मुरत नाही. वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात काय साठेल तेवढंच आपलं. दरवर्षी पावसाने भरणारा हा साठा बहुतेक वरच्या साठ-सत्तर फुटांत असतो. विहिरी त्यासाठीच खोदल्या जात. त्याखाली सहाशे-आठशे फुटांवर पाणी लागतं ते एखाद्या फटीत कित्येक वर्षांपासून अडकलेलं असतं, किंवा वरच्याच साठ्यातून त्या फटीत उतरत असतं. पहिलं असेल तर ते दोन-तीन वर्षांत संपतं आणि परत भरायला काही पिढ्या जाऊ शकतात. दुसरं असेल, तर तो शेजारच्या विहिरीचा उपसा असतो, फक्त खालच्या बाजूने. पाणाड्या नारळ आडवा धरून जागा दाखवतो. तिथे पाणी लागलंच, तरी ते किती दिवसांचं आहे आणि कुणाचं आहे, हे त्याला सांगता येत नाही. खोल पाण्याची आणखी एक बाजू आहे. खडकाशी जितका जास्त काळ संबंध, तितके क्षार जास्त. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या कित्येक गावांत फ्लोराइडने दात पिवळे पडले, हाडं वाकली. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की ते पाणी पिण्यालायक राहत नाही. वरचं गोडं पाणी शेतीला देऊन खालचं असलं पाणी लेकरांना पाजायचं, हा व्यवहार कोणत्याही गावाला परवडणारा नाही.

आता थोडं गणित करू. ग्रामसभेत मांडायला ते उपयोगी पडेल.

दोन हजार वस्तीचं गाव धरा. माणशी ५५ लिटर म्हणजे दिवसाला १ लाख १० हजार लिटर, वर्षाला साधारण चार कोटी लिटर. पाचशे जनावरं धरली आणि जनावरामागे रोज ६० लिटर दिले, तर आणखी एक कोटी दहा लाख. सगळं मिळून पाच कोटी लिटर. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी वर्षाला पावणेदोन ते दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे अख्ख्या गावाचं आणि गुराढोरांचं वर्षभराचं पाणी सहा-सात एकर उसात जिरतं. पावसाचं बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात दुष्काळी सालात ४०० मिलिमीटर पडला तरी ४०० कोटी लिटर होतात. आपल्या खडकात त्यातलं साधारण ७ ते १३ टक्के मुरतं असं धरतात. कमीत कमी, सात टक्के धरले तरी २८ कोटी. त्यातलं काही ओढ्याने वाहून जातं, सगळं हाताला लागत नाही, हे खरं. तरीही गावाला लागणारे पाच कोटी त्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमीच आहेत.

हे गणित मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं आहे आणि दर वेळी मनाला तेच लागतं. दुष्काळी सालातसुद्धा प्यायच्या पाण्याची टंचाई आपल्यावर आभाळाने आणलेली नसते. पाणी असतं. ते आधी कुणाला द्यायचं हे ठरवलेलं नसतं.

२०१६ चा एप्रिल आठवतो ना? मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं, त्याची छायाचित्रं जगभर गेली. आपण जेवढं पाणी साडेचार दिवसांत एका गावातल्या माणसांना लागेल म्हणून हिशोबात धरलं, तेवढं त्या गाडीत होतं. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. त्या वर्षीही जिल्ह्यात ऊस उभा होता आणि कारखान्यांना जात होता.

कायदा काय म्हणतो? कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि बराच आधीपासून आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचं नियमन करणारा कायदा महाराष्ट्राने १९९३ लाच केला. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत दुसऱ्या कुठल्याही कामासाठी नवी विहीर घ्यायला त्यात मनाई होती, आणि टंचाई जाहीर झाली की जवळच्या खासगी उपशावर बंधन घालायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना होता. त्याची जागा २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने घेतली. सार्वजनिक उद्भवांचं संरक्षण त्यातही आहे. ६० मीटरच्या खाली जाणारी विहीर म्हणजे ‘खोल विहीर’ असं तो म्हणतो, आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी किंवा उद्योगासाठी तशी विहीर घ्यायला बंदी करतो. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. बोअर यंत्रांच्या मालकांची नोंदणीही त्यात सांगितली आहे. कागदावर इतकं सगळं असताना आठशे फुटी बोअर रोज पडतात, कारण या कायद्याचा आवाज गावात कुणी काढत नाही. तो ग्रामसभेने काढावा.

दुसरीकडे १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आहे. माझ्या जमिनीखालचं पाणी माझं, ही जी समजूत आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे, तिचं मूळ त्यात आहे. जमिनीच्या मालकाला खालचं पाणी उपसायचा हक्क त्याने दिला. मग ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला काय? गावातल्या भूमिहीन घरांना, मजुरांना, वस्तीवरच्या लोकांना सार्वजनिक उद्भवाशिवाय पाण्याचा एकही दरवाजा नाही. उद्भव आटला की ज्याच्या रानात बोअर आहे तो मोटरसायकलला घागरी बांधून पाणी आणतो, आणि ज्याचं रान नाही तो वीस लिटरचा जार विकत घेतो किंवा दुसऱ्याच्या बांधावर हात जोडून उभा राहतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं, ते सार्वजनिक पाणवठा सगळ्यांचा आहे हे सिद्ध करायला. तो हक्क मिळाला, आणि शंभर वर्षं भरत आली असताना पाणवठाच खालून रिकामा होतो आहे. हा अन्याय दिसत नाही, कारण यात कुणी कुणाला अडवत नाही. पण अन्याय तोच आहे.

माझ्या स्वतःच्या गावात हे घडलं. योजनेची विहीर ओढ्याकाठी होती, फार जुनी, उन्हाळ्यातही तिच्यात पुरुषभर पाणी असायचं. तिच्या वरच्या अंगाला एकापाठोपाठ एक बोअर पडत गेले. कुणी लपूनछपून काही केलं नाही. ज्याला त्याला आपली बाग वाचवायची होती. मग विहीर फेब्रुवारीत बसू लागली. पंचायतीने तिच्यातच आडवे बोअर मारून पाहिले, मग शेजारी नवा बोअर घेतला, तो दोन उन्हाळे चालला. आता उद्भव दुसऱ्या शिवारात नेला आहे आणि पाइप तेवढा लांबला. तिथेही आसपास बोअर पडायला लागले आहेत.

शेतकऱ्याला चोर ठरवायला मी हे लिहीत नाही. मी शेतकऱ्याच्याच घरातली आहे. २०१२-१३ ला जालन्याकडे वाढवलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड घालून त्या तोडल्या. अशा वेळी माणूस कर्ज काढून बोअर घेणारच. एक कोरडा जातो, नुसता फुफाटा उडतो, मग दुसरा. बायकोचं सोनं मोडून तिसरा. खोल बोअरच्या या शर्यतीत शेतकरीही बुडतो, आणि ती थांबवणं त्याच्याही भल्याचं आहे. एकट्याने थांबायचं ठरवलं तर शेजारी उपसतो, म्हणून कुणीच थांबत नाही. थांबायचं ते सगळ्यांनी मिळून, आणि त्यासाठी ग्रामसभा हवी.

हे होऊ शकतं, महाराष्ट्रात झालेलं आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं ठरवलं, ऊस आणि केळी नको म्हटलं. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, प्यायचं पाणी आधी काढून ठेवायचं, आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पोपटराव पवारांचं नाव त्यासाठी घेतलं जातं आणि ते घ्यायलाच हवं, पण ठराव गावाने पाळला म्हणून तो टिकला. त्याआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटलं. भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस बंद ठेवला. आपल्यातल्या पुष्कळ गावांच्या भिंतींवर अटल भूजल योजनेत पाण्याचा ताळेबंद रंगवलेला आहे. तो वाचा. नुसता रंगवून ठेवण्यासाठी तो नव्हता.

करायचं काय, ते आता सांगते. उद्भवाभोवती ५०० मीटरचं वर्तुळ गावनकाशावर आखा आणि त्यातल्या प्रत्येक विहिरीची, बोअरची खोली आणि मालकासह नोंद करा. त्या वर्तुळात नवा बोअर होणार नाही असा ठराव घ्या, आणि बोअरच्या गाड्यांच्या एजंटांना तो लेखी कळवा. बाहेरच्या क्षेत्रातही दोनशे फुटांची मर्यादा धरा. उद्भवाची पाणीपातळी महिन्यातून एकदा मोजून पंचायतीच्या फळ्यावर लिहा. विहिरीला खुणा केलेली दोरी पुरते, त्याला कुठलं यंत्र लागत नाही. ऑक्टोबरची पातळी ही खरी परीक्षा. ती ठरावीक खुणेच्या खाली असेल तर त्या वर्षी वर्तुळात उन्हाळी पीक आणि नवीन ऊस नाही, हे आधीच ठरलेलं असू द्या, म्हणजे ऐनवेळी माणूस पाहून निर्णय होणार नाही. शेततळ्यात प्लास्टिक अंथरून त्यात बोअरचं पाणी भरायचं हा प्रकारही त्याच ठरावात बंद करा. शेततळं पावसाचं पाणी धरायला असतं. जमिनीखाली जपून राहिलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवलं, तर त्यातलं किती उडून जातं हे तळ्याच्या काठावर उमटलेल्या रेघांतच दिसतं.

वर्तुळातल्या शेतकऱ्यांवर या ठरावाचा भार जास्त पडेल. तो गावाने वाटून घ्यायला हवा, नाहीतर ठराव वर्षभरही टिकणार नाही. ठिबकला आधी त्यांचा नंबर, पाणलोटाची कामं आधी त्यांच्या बांधावर, आणि उद्भव बळकटीकरणाच्या कामात रोजगार आधी त्यांना. वित्त आयोगाच्या बंधित निधीत पिण्याच्या पाण्यासाठी आणि पाऊसपाणी साठवण्यासाठी वेगळा वाटा ठेवलेला असतो. दरवर्षी तो पाइप आणि मोटरी बदलण्यातच जातो. त्यातला काही भाग उद्भवाच्या वरच्या अंगाला चर, बांध आणि पुनर्भरणासाठी काढा. कुठे पाणी मुरेल आणि कुठे नुसतं वाहून जाईल, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक सांगू शकतात. त्यांना बोलवा. त्यांना बोलवायला पत्र लागतं, आणि ते पत्र बहुतेक पंचायतींनी कधी लिहिलेलंच नसतं.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कायद्याने सांगितलेली आहे, आणि बऱ्याच गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. हा विषय आधी तिथे नीट मांडा. विहिरीची पातळी कधी बसायला लागली, कोणत्या महिन्यात दोराला गाठ मारून तो लांबवावा लागला, हे त्या सांगतील. गावात ही माहिती सगळ्यांत आधी त्यांनाच असते. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव आणा, म्हणजे रब्बीच्या पेरण्या ठरण्याआधी तो लोकांच्या हातात असेल. त्याची एक प्रत तहसीलदारांना आणि एक भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्या, आणि दोन्ही ठिकाणी पोहोच घ्यायला विसरू नका.

आपली,
लातूर जिल्ह्यातली एक गावकरी